आजीव सभासद

बाळकाका कुठल्याही संस्थेचे वार्षिक सभासद होत नाहीत. होतात ते आजीव. दरवर्षी वर्गणी भरायची म्हणजे ही संस्था अजून आपल्या मताची आहे का, याचा दरवर्षी विचार करणं आलं. आणि विचार एकदाच काय तो करून टाकावा, अशा स्वभावाचे ते आहेत. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचे ते आजीव सभासद, पुण्यातल्या दोन ग्रंथालयांचे आजीव सभासद. ज्येष्ठांच्या चालण्याच्या गटात तसली सोयच नव्हती, ती यांनी घटनादुरुस्ती सुचवून करून घेतली. त्याच ओघात काही वर्षांपूर्वी ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेही आजीव सभासद झाले.

ज्या संघटनेचे झाले तिचं नाव इथे देत नाही. पबच्या माडीवर महिन्यातून एकदा जमणारा लहानसा गट आहे. नावात ‘स्वातंत्र्य’ आहे, एवढं पुरे. घटनेत मात्र पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत अध्यक्षांचे अधिकार आहेत.

काकांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. अंग सडपातळ, कोटाच्या कॉलरला बिल्ला, कानात सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेलं श्रवणयंत्र. १९७३ साली ते ड्राफ्ट्समन म्हणून इंग्लंडला आले आणि ड्राफ्ट्समन म्हणूनच निवृत्त झाले, त्यामुळे रेघ सरळ आली पाहिजे, मग ती कुठेही जाईना का, हा बाणा अंगात मुरलेला. मी त्यांचा शेजारी. मुलीने त्यांच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्यापासून त्यांचा ड्रायव्हरही.

रविवारी मात्र माझी गरज नसते. लंडनात म्हाताऱ्यांना बस-ट्यूबचा फुकट पास मिळतो, त्याला फ्रीडम पास म्हणतात. तो घेऊन काका डॉलिस हिलला ट्यूबमध्ये बसतात, बाँड स्ट्रीटला गाडी बदलतात आणि मार्बल आर्चला उतरून हाइड पार्कच्या भाषणांच्या कोपऱ्यात हजर होतात. तिथल्या सभांना १८७२ च्या कायद्याचा आधार आहे, हे ते सोबत असेल त्याला सांगतात, नसेल तर शेजारच्या प्रवाशाला. शिडीवर चढून कुणी उद्या जग बुडणार असल्याची खबर देत असतो, कुणी पृथ्वी सपाट करत असतो, कुणी दुसऱ्याच्या देवाची उलटतपासणी घेत असतो. काका स्वतः कधी शिडीवर चढत नाहीत. जत्रेत आरोग्य खात्याचा माणूस हॉटेला-हॉटेलांतलं पाणी तपासत फिरावा, तसे ते या शिडीपासून त्या शिडीपर्यंत फिरतात. बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही ना, एवढंच बघायचं. तो काय बोलतोय हे त्यांच्या खात्यात येत नाही. कुणी अडवलंच, तर न्यायमूर्ती सेडलींचा १९९९ चा निकाल त्यांना पाठ आहे. वेकफील्डच्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उपदेश करणाऱ्या बायकांना पोलिसांनी अटक केली, त्या प्रकरणातला. कुणालाच बोचणार नाही एवढंच बोलायची मुभा असेल तर ती मुभा घेऊन करायचं काय, असा त्याचा मथितार्थ. काका तो परिच्छेद क्रमांकासह सांगतात.

हा वारसा मुंबईचा. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ आलं, सेन्सॉरने अडवलं, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात जाऊन ते सोडवून घेऊन आले. ‘तेव्हा आम्ही पाहिलं होतं’ असं सांगणाऱ्या सगळ्यांचा हिशेब धरला तर त्या नाटकाचे प्रयोग शिवाजी पार्कच्या मैदानात झाले असले पाहिजेत. पण बाळकाकांकडे तिकिटाचं अर्धुक आहे. निळू फुले आणि लालन सारंग यांच्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. बोलतात ते हायकोर्टाबद्दल. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा आपण नेमके लंडनात थंडीने काकडत होतो, ही त्यांची जन्माची खंत. २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेची मोडतोड झाली तेव्हा त्यांनी पुण्याच्या एका वर्तमानपत्राला चार पानी निषेध पाठवला. तो छापला गेला नाही. पत्र न छापणं हीसुद्धा एक प्रकारची सेन्सॉरशिपच, हे त्यांचं मत त्या दिवसापासूनचं.

त्यांचं ठेवणीतलं आख्यान म्हणजे स्कोकी. शिकागोजवळचं हे गाव. ज्यूंची मोठी वस्ती आणि त्यांत छळछावण्यांतून जिवंत सुटलेले हजारो. १९७७ साली मूठभर अमेरिकन नाझींनी ठरवलं, की गणवेश घालून, स्वस्तिक मिरवत जायचं ते याच गावात. गावाने बंदी घातली. कोर्टात नाझींच्या बाजूने उभी राहिली ती अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही १९२० सालची संघटना. वकील डेव्हिड गोल्डबर्गर, स्वतः ज्यू. संघटनेचे प्रमुख आर्ये नायर हेही ज्यू, १९३७ साली बर्लिनमध्ये जन्मलेले आणि लहानपणी आईबापांबरोबर हिटलरच्या हातून निसटलेले. इथे काका थांबतात, पाणी पितात. मग हजारो सभासदांनी दिलेले राजीनामे, देणग्यांचा आटलेला झरा, आणि तरीही जिंकलेला खटला. शेवटी नाझी स्कोकीला गेलेच नाहीत. १९७८ च्या जुलैत शिकागोतल्या एका बागेत थोडा वेळ ओरडले आणि पांगले.

आख्यान उत्तमच आहे. मीही ते प्रत्येक वेळी ऐकतो. फक्त काका त्यातली एक गोष्ट गाळतात. नायर यांनी पुढे या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच आपण आपल्या शत्रूचा बचाव करतो आहोत असं सांगणारं ठेवलं. शत्रू म्हणजे शत्रू. अशील म्हणून पदरात पडला तरी शत्रूच. त्याचं म्हणणं त्यांनी नीट ऐकलं होतं, ते किती घाण आहे हे त्यांना आपल्या आप्तांच्या मरणावरून ठाऊक होतं, आणि ऐकून, ओळखून मग ते त्याच्यासाठी भांडले. गोल्डबर्गरांनी नाझ्याला कोर्टात सोडवलं. रात्री घरी जेवायला नाही बोलावलं.

आता इंग्लंडचं म्हणाल तर तिथे काकांना मसाल्याची कमतरता नाही, हे मान्य केलं पाहिजे. २०१० च्या हिवाळ्यात बर्फामुळे रॉबिन हुड नावाचा विमानतळ बंद पडला. मैत्रिणीला भेटायला निघालेल्या एका तरुणाने वैतागून ट्विटरवर लिहिलं, की लवकर उघडा, नाहीतर विमानतळच उडवून देईन. त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, नोकरी गेली, आणि हा विनोद होता हे कळायला न्यायव्यवस्थेला २०१२ साल उजाडावं लागलं. त्याच सुमारास, नुसतं ‘अपमानकारक’ बोलणं हा गुन्हा ठरवणारा कायद्यातला शब्द काढून टाका, अशी मोहीम निघाली. तिच्यात मिस्टर बीनचे रोवन ॲटकिन्सन होते, समलिंगींच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेले पीटर टॅचेल होते, कर्मठ ख्रिश्चन होते आणि देव न मानणारेही होते. २०१३ च्या कायद्याने तो शब्द गेला.

अशी पंगत पुन्हा क्वचितच बसली. फेब्रुवारी २०२० मध्ये पत्रकार टोबी यंग यांनी फ्री स्पीच युनियन काढली. वर्गणी भरा, आणि बोलण्यापायी नोकरी गेली किंवा पोलीस आले तर वकील आम्ही बघू, असा कामगार संघटनेचा बाज. कामही केलं. पण यंग हे गृहस्थ असे, की २०१८ च्या आरंभी जुन्या आचरट ट्वीटांपायी विद्यापीठांच्या नियामक मंडळावरून पायउतार झालेले. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वंश आणि बुद्धिमत्ता यांवर बोलणारी मंडळी निवडक निमंत्रितांसाठी जी परिषद भरवत, तिला २०१७ साली जाऊन बसल्याचं त्याच दिवसांत उघड झालं. पत्रकार म्हणून माहिती घ्यायला डोकावलो होतो, असा त्यांचा खुलासा. आता ते लॉर्ड आहेत. ही उजव्यांची दिंडी आहे असं टीकाकार म्हणतात, आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही असं संघटना म्हणते. २०२२ मध्ये पेपालने तिची खाती बंद केली आणि बोंबाबोंब झाल्यावर पुन्हा उघडली. इतकी फुकट जाहिरात टाटांनासुद्धा कुणी दिली नसेल, असं काकांचं म्हणणं. तिकडे न्यूझीलंडात तर जन्मकुंडलीच तशी. २०१८ साली कॅनडातून आलेल्या दोन अतिउजव्या वक्त्यांना ऑकलंडच्या सार्वजनिक सभागृहाने दार बंद केलं, त्यांच्या वतीने कोर्टात जायला जी आघाडी पैसे गोळा करू लागली, तीच पुढे तिथली फ्री स्पीच युनियन झाली.

काकांची मुलगी उत्तरेकडच्या एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. बापाची काळजी तिने आपल्या पद्धतीने केली. एका मोठ्या कागदावर चौकटी आणि बाण काढून आणले. कोण कुणाच्या व्यासपीठावर बसला, कुणाच्या पुस्तकाला कुणाची प्रस्तावना, कुणाला पैसे कुणाचे. कागद पूर्ण झाला तेव्हा बाळकाका अतिउजव्यांपासून दोन बाणांवर होते. मी त्यांची गाडी चालवतो म्हणून तीन. टॅचेल यांना कुठे बसवायचं ते तिला ठरवता येईना. ते एकाच वेळी तीन चौकटींत पडत होते. आणि लंडनच्या तुर्की कॉन्सुलेटबाहेर कुराण जाळणाऱ्या एका नास्तिक निर्वासिताचं अपील २०२५ मध्ये फ्री स्पीच युनियन आणि नॅशनल सेक्युलर सोसायटी यांनी मिळून लढवलं, तिथे कागदच संपला. बाण काढणाऱ्यांचं हे असं होतं. कोण कुणाशेजारी बसला ते टिपण्यात, तो तिथे बसून काय म्हणाला हे ऐकायचं त्यांचंही राहून जातं. तेवढ्यापुरते बाप-लेक एकाच घराण्याचे.

तरी तिच्या कागदात एक गोष्ट खरी होती आणि ती मला माडीवरच्या पत्रकात दिसली. गुळगुळीत कागदाचं ते पत्रक, वर सभेचा फोटो. सगळी मंडळी गोरी, बहुतेक टकली, आणि पहिल्या रांगेत मधोमध बाळकाका. मागच्या अंकातही मधोमध. त्याच्या मागच्यातही. ‘फोटोच्या वेळी सेक्रेटरी स्वतः हाताला धरून पुढे आणून बसवतो मला,’ काकांनी कौतुकाने सांगितलं, ‘पन्नास वर्षांत या देशात कुणी इतक्या आदराने बसायला सांगितलं नव्हतं.’ यातलं दुसरं वाक्य खरं आहे, आणि माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथे संपतो. मंडळात त्यांनी माइक हातात घेतला की लोक बटाटेवड्याच्या रांगेकडे सरकतात. मुलगी चौकटी काढते. माडीवर त्यांना खुर्ची आहे, बिल्ला आहे, ‘आमचे भारतीय मित्र’ म्हणून ओळख आहे. आमच्यावर वंशवादाचा आरोप करणाऱ्यांनी हा फोटो बघावा, असं त्या पत्रकात लिहिलेलं नसतं. लिहायची गरजच नसते.

काका लबाड असते तर गोष्ट सोपी होती. पण ते लबाड नाहीत. २०२४ मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या एका नगरसेवकाच्या बायकोला निर्वासितांच्या हॉटेलांना आग लावा अशा अर्थाच्या ट्वीटसाठी एकतीस महिन्यांची कैद झाली, तेव्हा माडी पेटून उठली आणि काकाही उठले. पुढच्या ऑगस्टात पार्लमेंट चौकात, बंदी घातलेल्या एका पॅलेस्टाइनवादी संघटनेला आपला पाठिंबा आहे असे हाताने लिहिलेले फलक धरून बसलेल्या पाचशेहून अधिक लोकांना पोलिसांनी एका दिवसात उचललं. त्यांत पांढऱ्या केसांच्या आज्या होत्या, काठ्या टेकत आलेले होते. काकांनी रेघ सरळ ओढली. रात्रीच माडीच्या ग्रुपवर मसुदा टाकला, की आपण याचाही निषेध केला पाहिजे. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एक अंगठा आला आणि थोड्या वेळाने मागे घेतला गेला. मग सेक्रेटरीने नाताळच्या जेवणाचं मेनूकार्ड टाकलं. ‘लोक सुट्टीवर असतात ऑगस्टात,’ काका म्हणाले.

काकूंनी यातल्या कशातच कधी तोंड घातलं नाही. त्यांचा विषय एकच, आणि तो १९७९ चा. तेव्हा दोघं साउथॉलला भाड्याच्या खोलीत राहायची. काकू विमानांत पोचवायच्या जेवणाच्या कारखान्यात कामाला. २३ एप्रिलला नॅशनल फ्रंटने, म्हणजे काळ्या-सावळ्यांना जहाजात घाला म्हणणाऱ्या पक्षाने, साउथॉलच्याच टाउन हॉलमध्ये निवडणुकीची सभा लावली. उमेदवाराला सार्वजनिक सभागृह मिळण्याचा कायदेशीर हक्क होता. गावाने दुकानं बंद केली आणि रस्त्यावर उतरलं. हजारो पोलीस, घोडे, शेकडो अटका. ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शाळामास्तर निदर्शकांत होता. डोक्यात घाव बसून तो मेला. तो घाव पोलिसाचाच असणार, असं सांगणारा पोलिसांचाच अहवाल २०१० साली बाहेर आला. काकू त्या संध्याकाळी खोलीतला दिवा न लावता खिडकीशी उभ्या होत्या, आणि काका कामावरून यायचे होते.

‘कायद्याने सभा त्यांची होती,’ हे काका आजही म्हणतात.

‘रस्ता आमचा होता,’ काकू म्हणतात, आणि कुकरची शिट्टी मोजायला आत जातात.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली, आणि माडीचा जिना एकट्याने चढायची मुलीने बंदी केली. एरवी मी खाली बारपाशी लिंबूपाणी घेऊन बसून राहतो. त्या दिवशी एका बाजूने मी आणि एका बाजूने काकू असे आम्ही त्यांना वर घेऊन गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. काका अर्थातच पुढे, मधोमध.

वक्ता तरुण, सूट उत्तम शिवलेला, आवाज मऊ. विषय छापला होता तो बोलण्याच्या मुस्कटदाबीचा. पहिली दहा मिनिटं त्यावर गेली. मग गाडी वळली. कुठल्या गल्लीत आता इंग्रजी कानावर पडत नाही, कुणाचे पूर्वज इथल्या मातीत आहेत आणि कुणाचे नाहीत, आणि जे नाहीत त्यांना, त्यांच्या मुलानातवंडांसकट, सन्मानाने परत कसं पाठवता येईल. ‘सन्मानाने’ म्हणताना तो दर वेळी छातीवर हात ठेवी. किती विमानं लागतील याचा हिशेबही त्याने मांडला. मी काकांच्या मानेकडे बघत होतो. मान समाधानाने हलत होती. हात कानाशी गेलेला मी सुरुवातीलाच पाहिला होता. कोपऱ्यातल्या स्पीकरमुळे यंत्र कुईकुई करतं, म्हणून वक्ता उभा राहिला की ते बंद करायचं आणि लोक टाळ्या वाजवताना दिसले की सुरू करायचं, हा त्यांचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे, हे मला काकूंनी तिथेच कानात सांगितलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि काकू उभ्या राहिल्या.

‘मला विमानाचं विचारायचं आहे,’ त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सुरुवात केली. ‘सामान किती...’

‘मॅडम, प्रश्न विषयाला धरून हवा,’ अध्यक्षांनी तळवा वर केला. ‘आणि वेळही संपत आली आहे.’

काकांनी वळून पाहिलं. कुणीतरी उभं आहे, ओठ हलताहेत, अध्यक्षांचा हात आडवा. यापलीकडे त्यांना काही कळायची गरज नव्हती. काठी आपटून ते उभे राहिले. सेडली आले, वेकफील्डच्या पायऱ्या आल्या, परिच्छेद क्रमांक आला. ज्या संघटनेच्या सभेत प्रश्न अडवला जातो तिने आपल्या नावावर बोळा फिरवावा, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. माडीने टाळ्या वाजवल्या. वाजवणं भागच होतं. अध्यक्षांचा हात खाली आला.

‘आमच्या घराचं कर्ज १९९८ ला फिटलं,’ काकू म्हणाल्या. ‘भांडीकुंडी बरीच आहेत. पाटा-वरवंटा आहे. तर विमानात माणशी सामान किती किलो नेऊ देणार?’

लोक आपापल्या ग्लासात बघू लागले. वक्ता हसला. ‘मी तुमच्यासारख्यांबद्दल बोलत नाही, मॅडम.’

‘मग कुणासारख्यांबद्दल?’

अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले आणि फोटोसाठी पुढे यायची विनंती केली. सेक्रेटरी काकांचा हात धरायला आला, पण दुसऱ्या हाताला काकू होत्या.

गाडीत बसल्यावर काकांनी यंत्र सुरू केलं. चेहरा उजळलेला. ‘बघितलंस ना? तोंडावर बंद पाडत होता तुला. मी होतो म्हणून बोलता आलं.’

‘हो,’ काकू म्हणाल्या.

‘तत्त्वाचा प्रश्न होता. बरं, विचारलंस काय गं तू?’

‘सामानाचं.’

‘सामानाचं? का, कुठे जायचंय आपल्याला?’